बंदूक उद्याच जमा करा, पण पावती घेतल्याशिवाय उठू नका

वाचकाचं पत्र

अण्णांना नमस्कार. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयना अभयारण्याच्या कडेला. सासरे वारून आठ महिने झाले. त्यांच्या नावावर पीक राखायला म्हणून एकनळी बारा बोअरची बंदूक होती. त्याआधी त्यांच्या वडिलांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची होती. बंदूक अजून माळ्यावर धोतरात गुंडाळून ठेवली आहे, सोबत चामड्याच्या पट्ट्यात सात काडतुसं. आमचे हे मुंबईला माथाडीत आहेत, शेती दीर बघतात. दीर म्हणतात, दादांची बंदूक घराबाहेर जायची नाही, एकदा ठाण्यात दिली की परत दिसत नाही. त्यांच्यावर बांधाच्या भांडणातली एक केस चालू आहे. मागच्या महिन्यात शर्यतीत त्यांची बैलजोडी पहिली आली, तेव्हा मित्रमंडळी बार काढायला बंदूक मागत आली होती. सासूबाईंनी दिली नाही.

दुसरं, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. पालच्या यात्रेत फुगे फोडायला उभी राहिली आणि एकही चुकला नाही, तेव्हापासून तिला नेमबाजीचं वेड लागलंय. आता कराडला एका सरांकडं एअर रायफल शिकते. ती म्हणते, आजोबांची बंदूक माझ्यासाठी ठेवा. गावातले जुने लोक म्हणतात, सरकारनं लायसनचे नियम इतके आवळलेत की खेड्यातलं पोर आता नेमबाज होणारच नाही. आम्ही काय करावं? रात्री झोप लागत नाही.
– एक सून, पाटण तालुका

उत्तर

ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. जिंकल्याच्या भरात दारात आलेल्या पोरांना त्यांनी परत पाठवलं, तेव्हा त्यांनी दिरांना आणि अख्ख्या घराला वाचवलं. आनंदात हवेत बार काढणं हा २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे. कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ज्याची बंदूक त्याचाही त्यातून पाय निघत नाही.

मुलीबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते मागून. तुमची झोप उडाली आहे ती माळ्यावरच्या धोतरामुळं, आणि ती उडायलाच हवी होती.

ती बंदूक उद्या जमा झाली पाहिजे.

मी नोकरीतली बरीच वर्षं एका जिल्हाधिकारी कचेरीच्या गृह शाखेत शस्त्र परवान्याच्या टेबलावर काढली. तिथं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, ‘साहेब, लायसन चालू आहे की, ही बघा तारीख.’ २०१९ च्या दुरुस्तीत परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली, त्यामुळं तुमच्याही घरच्या पुस्तकावर पुढची तारीख असेल. ती तारीख आता कामाची नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की घरात उरते ती विनापरवाना बंदूक, मग ती कुलपात असो की माळ्यावर. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की हत्यार आणि काडतुसं विनाकारण वेळ न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा करायची. विनापरवाना बंदूक बाळगण्याला आज कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे, वर दंड. तुमच्या घरात बांधावरून वैर चालू आहे. कुणी खबर दिली तर पोलीस माळ्यावर चढतील, आणि त्या वेळी घरात असाल तुम्ही आणि सासूबाई.

आठ महिने झाले, आता गेलो तर काय विचारतील, या भीतीनं आणखी थांबू नका. स्वतःहून दाखला-पुस्तक घेऊन आलेलं घर आणि झडतीत सापडलेलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

डोंगरातल्या एका वाडीचा म्हातारा एकदा माझ्या टेबलासमोर आला होता. घोंगड्यात बंदूक गुंडाळून एसटीनं. थोरला भाऊ वारून सहा वर्षं झालेली. दर खंडेनवमीला हा बंदूक बाहेर काढायचा, नळीवरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, झेंडूची माळ घालायचा आणि परत ठेवायचा. बार एकही काढला नव्हता. दस्त्याला तडा गेला होता, त्यावर तांब्याची तार अशी वेढ्याला वेढा लावून गुंडाळली होती की नख शिरू नये. कचेरीत नेऊन दिली की सुटलो, असं त्याला वाटत होतं. परवाना नसताना ती बंदूक एसटीत घेऊन बसणं हाही गुन्हाच, हे मला त्याला सांगावं लागलं. सांगताना माझाच घसा कोरडा पडला. त्या दिवशी एका समजूतदार फौजदारांनी त्याचा जबाब लिहून घेतला, बंदूक जमा केली, आणि म्हातारा संध्याकाळच्या गाडीनं घरी गेला. वाटेत कुठं नाकाबंदी लागली असती तर गेला नसता.

म्हणून तुम्ही कुणी ती उचलून पाटणला निघू नका. सकाळी गावच्या पोलीस पाटलांना घरी बोलवा आणि त्यांच्यासमोर ठाण्यात फोन लावा: परवानाधारक वारलेत, बंदूक जमा करायची आहे, माणूस पाठवता की आम्ही पाटलांबरोबर आणू? जे सांगतील ते पाटलांच्या कानावर राहू द्या. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे ज्याला उघडता येतं त्यानंच बघायचं. घरात तसं कुणी नसेल तर धोतर सोडूसुद्धा नका. अर्ज साध्या शब्दांत लिहा. सासरे अमुक तारखेला वारले, बंदूक त्यांच्या परवान्यावरची आहे, घरात दुःख होतं आणि नियम माहीत नव्हता म्हणून उशीर झाला, आता स्वतःहून जमा करत आहोत. सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक. आठ महिन्यांच्या उशिराची धास्ती फारच वाटत असेल तर पाटणच्या कोर्टातला एखादा वकील अर्जावर नजर टाकून देईल. त्यात कमीपणा काही नाही.

आणि पावती. बंदुकीची बनावट, नळीवरचा नंबर, बोअर, एकनळी असल्याचा उल्लेख, काडतुसं सात, दस्ता आणि चाप कुठल्या अवस्थेत आहेत, हे सगळं पावतीवर लिहून घ्या. पावतीचा आणि बंदुकीचा फोटो काढा. ‘एक बंदूक मिळाली’ एवढ्याच ओळीवर सही घेऊन घरी आलेली माणसं मी नंतर वर्षानुवर्षं खेटे घालताना बघितली आहेत.

दीर म्हणतात ते सगळंच चूक नाही. मुद्देमालाच्या खोलीत पावसाळ्यावर पावसाळे काढलेली बंदूक परत घेताना नळीला गंज चढलेला असतो, हे मी पाहिलंय. त्याला उपाय कलम २१ मध्येच आहे. ठाण्याऐवजी परवानाधारक विक्रेत्याकडं जमा केली तर तो महिन्याचं भाडं घेतो, पण तेलपाणी करून नीट ठेवतो. आधी ठाण्यात जमा करून पुढं परवानगीनं विक्रेत्याकडं हलवायची विनंतीही करता येईल. जमा केली म्हणून मालकी जात नाही. ताबा पुन्हा कायदेशीर झाला की ती परत मिळते, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकता येते. पण नियमात ठरलेली मुदत उलटून गेली आणि कुणी विचारलंच नाही तर सरकारजमा होते. म्हणून पावती मिळाली की पुढचा निर्णय लांबवू नका.

तो निर्णय म्हणजे वारसाच्या नावावर परवाना घ्यायचा की नाही. शस्त्र नियम २०१६ मध्ये याची सोय आहे. परवानाधारक वारला तर कायदेशीर वारसाला, आणि तो हयात असताना वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडं असली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून त्यानं नाव दिलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो. तुमच्या सासऱ्यांच्या हातून हे राहून गेलं. ज्यांच्या घरात आज सत्तरीचे परवानाधारक खाटेवर बसून बंदूक पुसताहेत, त्यांनी हे वाचून याच महिन्यात अर्ज करावा. हयातीतलं काम सोपं असतं, माघारी सगळं कागदांच्या ढिगात जातं.

वारसाचा परवाना आपोआप होत नाही. इतर वारसांची हरकत नाही असं लेखी लागतं, पोलिसांची चौकशी होते, त्यांच्या अहवालाला ३० दिवस धरलेत. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि डॉक्टरी दाखलाही लागतो. दिरांच्या बाबतीत दोन गोष्टी आडव्या येतील. एक त्यांची केस. चालू केस म्हणजे शिक्षा नव्हे, पण ‘या माणसाच्या हातात बंदूक दिल्यानं शांतता बिघडेल का’ हा प्रश्न अधिकाऱ्याला विचारावाच लागतो, आणि मारामारीची केस त्याच प्रश्नाला जाऊन भिडते. अर्जात ती लपवू नका. लपवलेली केस उघड झाली की अर्ज तर जातोच, वर नवं लफडं गळ्यात पडतं. नकार आला तर कारणं लेखी मागा, अपिलाला मुदत ३० दिवसांची असते.

दुसरी गोष्ट तुमच्या गावाची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३४ प्रमाणं अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. जुन्या परवानाधारकांनाही त्यांच्याकडं नोंदणी करायची असते. सासऱ्यांच्या कागदांत अशी नोंद सापडते का बघा, सापडली तर जपून ठेवा. कोयनेच्या आणि चांदोलीच्या कडेच्या गावांतले अर्ज वर्षभर का लोंबकळतात, याचं एक कारण हेच. इकडं फाईल गृह शाखेत, तिकडं पत्र वन खात्यात, आणि अर्जदाराला दोन्हीकडं ‘त्यांच्याकडं विचारा’ एवढंच कळतं. अर्ज करताना वन्यजीव विभागाला त्याची प्रत पोचवून शिक्का घ्या.

माझं स्पष्ट मत विचाराल तर केस निकाली निघेपर्यंत दिरांच्या नावावर अर्ज करू नका. हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायला जड जाईल. सासूबाईंनी सांगावं, किंवा मुंबईहून तुमच्या मालकांनी येऊन सांगावं, ‘दादांची बंदूक दादांच्या नावाला बट्टा न लागता राहू दे.’ बंदूक विक्रेत्याकडं राहील, भाडं तिघं मिळून भरा. केस मिटल्यावर बघा. नाहीतर एखाद्या माजी सैनिकाला किंवा शेतकऱ्याला, ज्याच्याकडं परवाना आहे, रीतसर विकून टाका. तो निर्णयही वाईट नाही.

आता पिकात घुसणाऱ्या रानडुकरांचं. पीक राखायला बंदूक हवी ही गरज खोटी नाही. १९५९ च्या कायद्यातच पीक-संरक्षणासाठी ठासणीची बंदूक असं नाव घेऊन लिहिलंय. पण परवाना बंदूक ठेवण्याचा असतो, जनावर मारण्याचा नाही. रानडुकराला वन खात्याच्या परवानगीशिवाय गोळी घातली तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. गवा तर त्या कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला, तिथं कैद ३ वर्षांच्या खाली नाही. तुमचे सासरे बहुधा हवेत बार काढून कळप हुसकायचे. आता तुमच्या उसाचं-भाताचं नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज पंचनाम्यावरच उभा राहतो. अभयारण्याच्या कडेच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि वन परिक्षेत्र कार्यालयात करा. माळ्यावरच्या सात काडतुसांपेक्षा कुंपण रात्रभर जागं राहतं.

आता पोरीकडं येतो. ताई, तिला सांगा की आजोबांची बंदूक आणि तिची रायफल यांचं नातं रक्ताचं आहे, कामाचं नाही. बारा बोअरची नळी छर्रे पसरवते. ती ज्या खेळात शिरली आहे त्यात १० मीटरवर कागद टांगलेला असतो, आणि दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. तुमच्या शिवणाच्या टाचणीचं टोक आठवा. तिथं छरा लागायचा तर दोन श्वासांच्या मधल्या थांब्यात चाप सुटावा लागतो. फुगे फोडणारी पोरगी तिथवर जाईल, पण त्यासाठी तिला बारा बोअर नको, कोरी भिंत आणि रोजचा तास हवा.

आणि गावकऱ्यांचं ते ‘नियमांनी नेमबाजी संपवली’. तिच्या बाबतीत नियम काय म्हणतो बघा. ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. ओळखपत्र द्यायचं, बिल जपून ठेवायचं आणि रायफल नेता-आणताना त्याची प्रत पेटीत ठेवायची. स्वतःच्या नावावर बंदुकीचा परवाना २१ वर्षांशिवाय नाही, पण प्रशिक्षणात, मान्यताप्राप्त क्लबात, जबाबदार माणसाच्या देखरेखीखाली .२२ रायफल (बारीक गोळीची, खेळातली) त्याआधीही हाताळता येते. २०१९ मध्ये एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका असा नियम झाला (मूळ विधेयकात तर एकच होती, ओरड झाल्यावर दोन केल्या), तेव्हाही मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदांच्या सरावाच्या .२२ आणि एअर रायफली त्या मर्यादेतून वगळल्या. निवडणुकीच्या वेळी शस्त्रं जमा करून घेतात, त्यातही राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धक खेळाडूंना सूट असते. म्हणजे कायद्यानं खेळाडूची वाट अडवलेली नाही.

वाट अडते ती अंतरानं, आणि हे मी तळमळून लिहितोय. तुमच्या मुलीला कराडचा सराव गाठायला घरातून केव्हा निघावं लागतं, ते तुम्हालाच माहीत. .२२ चा ५० मीटरचा सराव करायचा तर कोल्हापूर नाहीतर पुण्याचं बालेवाडी. स्पर्धेची परदेशी एअर रायफल लाखाच्या पुढं. शहरातल्या पोराला क्लबाचं सभासदत्व म्हणजे रिक्षानं जायचं अंतर, तुमच्या वाडीतल्या पोरीला तो अख्खा दिवस आणि बापाचा एक पगार. नियम लिहिणाऱ्यांनी ‘क्लबाचा सभासद’ असा शब्द घातला, पण तालुक्याला क्लब आहे का हे विचारलं नाही. सूट कागदावर राहते आणि वाडीपर्यंत पोचत नाही. गावातल्या जुन्या माणसांचा राग इथं खरा आहे.

तरी आपल्या या पट्ट्यातूनच पोरं गेली आहेत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये रायफलच्या ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्यपदक घेऊन उभा राहिला. तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, तिथल्याच राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. मुलीच्या सरांना विचारा: जिल्हा रायफल संघटनेचं सभासदत्व कधी आणि कसं, राज्य स्पर्धेला गुण किती लागतात, क्रीडा प्रबोधिनीची चाचणी कधी. पुढं मावळंकर स्पर्धा आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते, त्यांच्याच नावाची.

घरी सराव करायचा तर गोठ्याची लांबी मोजा. १० मीटर सरळ जागा, मागं जाड लाकूड आणि त्यामागं भिंत, बाजूनं यायला दार नाही, जनावरं बाहेर बांधलेली, आणि मुलगी रायफल उचलेल तेव्हा घरातलं एक मोठं माणूस तिथं उभं. होला, पोपट, मोर यांच्याकडं नळी वळवायची नाही, एअर रायफलनं मारला तरी तो गुन्हाच. गावात माजी सैनिक असतील, सातारा जिल्ह्यात कुठल्या गावात नाहीत? त्यांच्यातल्या एखाद्याला आठवड्यातून दोनदा बोलवा. दस्ता खांद्यात कसा बसवायचा, श्वास कुठं धरायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं, आणि शिकवायला कुणी बोलावलं की त्यांचा चेहरा उजळतो. तशी चार पोरं जमली तर शाळेच्या पडवीत सराव सुरू करू द्या म्हणून ग्रामसभेत अर्ज टाका. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, आणि तसा अर्ज टाकणाऱ्या कुठल्याही गावाला देईन.

एक छोटी गोष्ट राहिली. सातच्या सात काडतुसं मोजून जमा करा, पण तो चामड्याचा पट्टा शस्त्र नाही. पोलीस पाटलांसमोर तो रिकामा करून घ्या आणि मुलीला द्या. आजोबांच्या घामानं काळा पडलेला असेल. तिच्या रायफलीच्या पेटीत तो मावेल.

पावती हातात पडली की मला दोन ओळी कळवा.

– अण्णा